हाजी, हैजा आणि महासत्ता

पटकीला उर्दूत हैजा म्हणतात आणि क्वारंटाइनला करंतीना. एकोणिसाव्या शतकातल्या हजचा इतिहास वाचायला घेतला की हे दोन शब्द पानोपानी भेटतात. करंतीना मूळचा इटलीतला. प्लेगच्या भीतीने व्हेनिसचे लोक बाहेरून आलेली जहाजे चाळीस दिवस थांबवून ठेवत. त्या चाळीसवरून हा शब्द पडला. पुढे तो अरबी-उर्दूत रुळला आणि २०२० साली 'क्वारंटाइन' होऊन आपल्या गल्लीतल्या दारांवर येऊन चिकटला.

त्या वर्षापासून वर्गात मुले मला एक प्रश्न हमखास विचारतात. रोग सगळ्यांना होतो, ऊन सगळ्यांच्या डोक्यावर तापते, मग मोठे देश एकत्र येऊन मार्ग का काढत नाहीत? याचे एक तयार उत्तर आपल्याकडे असते: महासत्तांची भांडणे. अमेरिकेचे चीनशी पटत नाही, रशियाचे दोघांच्याही वेगळेच चाललेले असते, म्हणून जगाचे काम अडते. हे उत्तर खोटे नाही, पण अर्धे आहे. भांडणाऱ्या महासत्तांनी इतिहासात करार केलेही आहेत. ते कधी केले आणि कुणाच्या जिवावर केले, हे पाहिले की उरलेले अर्धे उत्तर हाती लागते.

त्यासाठी मी हज आणि पटकीची गोष्ट निवडली आहे. रोगांविरुद्ध राष्ट्रांनी एकत्र बसण्याची सुरुवात या पटकीच्या भीतीतूनच झाली, आणि त्या गोष्टीत आपली मुंबई जागोजागी आहे.

रोगाला वाफेचे पाय फुटले

पटकी बंगालमध्ये जुनीच. १८१७ साली ती जेसोरच्या भागात उसळली आणि हिंदुस्थानची हद्द ओलांडून निघाली. १८२१ मध्ये ती मस्कतला पोचली, १८३१ मध्ये मक्केला. त्याच सुमारास ती रशियातून युरोपात शिरली आणि पुढच्या एक-दोन वर्षांत लंडन-पॅरिसमध्ये माणसे मरू लागली.

शिडाच्या जहाजांचा प्रवास लांब असे. जहाजावर रोग आला तरी किनारा दिसेपर्यंत तो बहुधा संपून गेलेला असे, रोग्यांसकट. वाफेची जहाजे आली, १८५८ मध्ये सुएझ ते अलेक्झांड्रिया रेल्वे झाली, आणि महिन्यांचे अंतर दिवसांवर आले. व्यापाऱ्याला ही सोय झाली, हाजीला झाली, आणि पटकीलाही झाली.

मुंबई हे त्या काळी हजचे मोठे बंदर. इथल्या मुसाफिरखान्यांत कोकण, दख्खन, गुजरात, उत्तर हिंदुस्थानातले हाजी तर उतरतच, पण बुखारा-समरकंदकडचे लोकही पेशावरमार्गे इथवर येत. गरीब हाजी जहाजाची वाट पाहत आठवडेच्या आठवडे काढत. जहाज मिळाले की त्यात मावतील त्याहून जास्त माणसे भरलेली. पिण्याचे पाणी अपुरे, शौचाची सोय नावाला. पटकी घाण पाण्यातून पसरते हे आज शाळेतल्या मुलालाही माहीत आहे. लंडनच्या जॉन स्नो या डॉक्टरने ते १८५४ मध्ये एका पंपाच्या उदाहरणाने दाखवूनही दिले होते. पण ते मानायला सरकारे आणि बहुतेक डॉक्टर तयार नव्हते. न मानण्यात अनेकांचा फायदा होता.

सहा परिषदा, टिकाऊ करार शून्य

जुलै १८५१ मध्ये पॅरिसला पहिली आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली. बारा राज्यांनी प्रत्येकी दोन प्रतिनिधी पाठवले: एक डॉक्टर आणि एक मुत्सद्दी. दोघांची मते वेगवेगळी धरायची असे ठरले होते, त्यामुळे एकाच देशाचा डॉक्टर एकीकडे आणि मुत्सद्दी दुसरीकडे मत देऊ शकत होता. सहा महिने चर्चा चालली. पटकी एका माणसापासून दुसऱ्याला होते की हवेतल्या विषारी वाफांनी होते, याच मुद्द्यावर एकमत होईना. शेवटी एक मसुदा झाला. तो लागू करायला दोन-तीन राज्यांपलीकडे कुणी पुढे आले नाही. १८५९ च्या दुसऱ्या परिषदेत डॉक्टरांना बोलावलेच नाही, फक्त मुत्सद्दी बसले. तरी निष्पन्न तेच.

मग १८६५ चा हज आला. त्या वर्षी सुमारे ९०,००० हाजींपैकी १५,००० च्या आसपास पटकीने गेले असा अंदाज आहे. वाचलेले हाजी परत निघाले. जिद्दाहून सुएझ, तिथून रेल्वेने अलेक्झांड्रिया, पुढे बोटीने भूमध्य समुद्रातली बंदरे. काही महिन्यांत इजिप्तमध्ये सुमारे ६०,००० माणसे दगावली. इस्तंबूल, मार्सेय, इटली असे करत रोग पुढच्या वर्षी अमेरिकेपर्यंत गेला.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. आपल्यातल्या काहींना हा सारा इतिहास म्हणजे मुसलमानांना बदनाम करण्याचा युरोपचा कट वाटतो. तसे नाही. रोग हाजींबरोबर गेला, हे खरे आहे. ज्या गावात साथ आहे तिथे जाऊ नका आणि तिथे असाल तर बाहेर पडू नका, ही शिकवण तर हदीसमध्येच आहे. शामकडे निघालेले हजरत उमर (रजि.) वाटेत साथीची बातमी ऐकून माघारी फिरले, हेही आपण मुलांना शिकवतो. साथीत प्रवास रोखणे हे धर्माच्या विरुद्ध आहे असे म्हणायला आपल्याला आधार नाही. म्हणून माझा मुद्दा बंधनाचा नाही. ते बंधन कुणी ठरवले, कशासाठी ठरवले आणि त्याची किंमत कुणी मोजली, हा आहे.

१८६६ मध्ये तिसरी परिषद इस्तंबूलला भरली, फ्रान्सच्या पुढाकाराने. तिने बहुमताने निष्कर्ष काढला की पटकीचे माहेर गंगेच्या खोऱ्यात आहे, ती माणसांबरोबर फिरते, आणि जिथे माणसांची सर्वात मोठी गर्दी होते त्या यात्रा तिला सर्वात जास्त पसरवतात. निष्कर्षात तथ्य होते. पण परिषदेतल्या प्रत्येकाच्या खिशात आणखी एक हिशोब होता.

फ्रान्सला भूमध्य समुद्रात आपला शब्द चालवायचा होता. हजच्या काळात अरबस्तान आणि इजिप्तमधली समुद्रवाहतूक तोडावी, ही सूचना त्याचीच. हाजींनी वाळवंटातून काफिल्याने परतावे. रोगी असतील ते वाटेत मरतील आणि युरोप वाचेल, असा त्याचा साधा अर्थ. उस्मानी सरकारची कोंडी वेगळीच. मक्का-मदिनेची खिदमत हा सुलतानाचा मान. हाजींना अडवले तर मान जातो, न अडवले तर युरोप म्हणणार की तुम्हाला राज्य करता येत नाही. इस्तंबूलच्या आरोग्य मंडळात युरोपीय वकिलातींचे प्रतिनिधी आधीच बसले होते. आपल्याच बंदरात कोणते जहाज थांबवायचे हे परक्यांना विचारावे लागे. रशियालाही मध्य आशियातल्या आपल्या मुसलमान प्रजेवर आणि तिच्या वाटांवर नजर ठेवायची होती.

साहेबाचे वैद्यकशास्त्र

सर्वात गमतीची भूमिका ब्रिटनची. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि १८८० च्या दशकात त्यातून जाणाऱ्या मालापैकी सुमारे तीन-चतुर्थांश माल ब्रिटिश जहाजांतून जाऊ लागला. पटकी हिंदुस्थानातून जहाजाने येते हे मान्य केले तर मुंबई-कलकत्त्याहून येणारे प्रत्येक जहाज कालव्याच्या तोंडाशी दहा-दहा दिवस थांबणार. म्हणून ब्रिटिश सरकारने शास्त्रच बदलले. हिंदुस्थान सरकारचा आरोग्य आयुक्त जेम्स कनिंगहॅम वर्षानुवर्षे सांगत राहिला की पटकी संसर्गाने होत नाही, ती त्या त्या जागेच्या हवा-मातीतून उपजते, सबब क्वारंटाइन निरुपयोगी आहे. त्याच्या जोडीला ब्रिटनने आणखी एक कारण पुढे केले: १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्यात प्रजेच्या धर्मात ढवळाढवळ न करण्याचे वचन आहे, त्यामुळे हाजींना रोखता येत नाही. १८५७ ताजे होते, मुसलमान बिथरतील ही भीती खरीच होती. पण हाजीच्या हक्काचा कैवार घेणाऱ्या या वकिलाचा अर्धा जीव कापसाच्या गाठींत होता.

१८८२ मध्ये ब्रिटनने इजिप्त ताब्यात घेतले आणि १८८३ मध्ये तिथे पटकीने पन्नास हजारांवर बळी घेतले. फ्रेंच म्हणाले, ही इंग्रजांच्या जहाजांतून हिंदुस्थानातून आली. ब्रिटनने चौकशीला माणूस पाठवला तो आपल्या मुंबईचा: ग्रँट मेडिकल कॉलेजचे माजी प्राचार्य विल्यम गायर हंटर. त्यांनी निर्वाळा दिला की रोग बाहेरून आलेलाच नाही, तो १८६५ पासून इजिप्तमध्येच मुरलेला आहे. लंडनला हवे होते तेच उत्तर.

त्याच वेळी अलेक्झांड्रियात दोन शास्त्रीय पथके पटकीचा जंतू शोधत होती: एक फ्रान्सचे, पाश्चरने पाठवलेले, आणि एक जर्मनीचे, रॉबर्ट कोखचे. दोन्ही देशांत बारा वर्षांपूर्वी युद्ध झालेले, वैर अजून धगधगत होते. फ्रेंच पथकातला लुई थुइलिए हा तरुण शास्त्रज्ञ तिथेच पटकीने मेला. त्याच्या अंत्ययात्रेत कोख स्वतः गेला आणि शवपेटीला त्याने खांदा दिला. पुढे कोख कलकत्त्याला आला आणि १८८४ मध्ये तिथल्या तलावाच्या पाण्यात आणि रोग्यांच्या आतड्यांत त्याला तोच जंतू सापडला. ब्रिटिश सरकारने लगेच दुसरे दोन डॉक्टर कलकत्त्याला पाठवले, कोख चुकला हे सिद्ध करायला. १८८५ ला रोमची परिषद भरली आणि तीही या वादात बुडाली.

सहा परिषदा झाल्या. चौतीस वर्षे गेली. महासत्तांच्या भांडणाने काम अडते, हे तयार उत्तर इथवर अगदी बरोबर आहे. पुढचा भाग मात्र त्यात बसत नाही.

कामरान

तांबड्या समुद्रात येमेनच्या किनाऱ्याजवळ कामरान नावाचे बेट आहे. १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला उस्मानी सरकारने तिथे दक्षिणेकडून येणाऱ्या हाजी जहाजांसाठी क्वारंटाइन ठाणे उघडले. हिंदुस्थान आणि जावाकडून आलेल्या हाजीला जिद्दाचा किनारा दिसण्याआधी या बेटावर उतरावे लागे. झोपड्यांत दहा दिवस राहायचे, कुणी मेले की मुक्काम लांबायचा. पाणी वाईट, धान्य महाग, वरून सूर्य. आणि या सगळ्याचे शुल्क हाजीनेच भरायचे. आयुष्यभर पैपैसा जोडून निघालेल्या शेतकऱ्या-विणकऱ्याची पुंजी तिथेच आटायची.

हे सारे जवळून पाहणारा एक हिंदी मुसलमान होता: डॉ. अब्दुर रज्जाक. ते ब्रिटिश सरकारच्या वैद्यकीय नोकरीत होते. हाजींबरोबर प्रवास करून त्यांनी अहवाल लिहिले आणि १८८२ मध्ये त्यांना जिद्दाला ब्रिटनचे उप-वकील नेमले गेले. हाजींचे हाल नोंदवणे हे त्यांचे काम होते, आणि हिजाझमधल्या हिंदी मुसलमानांच्या राजकीय हालचालींवर नजर ठेवणे हेही. एकाच माणसाकडे तपासणीची नळी आणि हेरगिरीची वही. आरोग्याचे काम महासत्तेच्या राजकारणात मिसळले की लोकांचा डॉक्टरवरचाही विश्वास उडतो. मे १८९५ मध्ये जिद्दा शहराबाहेर बेदुइनांनी वकिलातींच्या माणसांवर हल्ला केला. ब्रिटिश, फ्रेंच, रशियन अधिकारी जखमी झाले, डॉ. रज्जाक ठार झाले. त्याच सुमारास कपडे वाफेने निर्जंतुक करणारी यंत्रे जमावाने मोडून टाकली. या यंत्रांतून आपल्याला मारायचे आहे, अशी लोकांची समजूत झाली होती. समजूत चुकीची होती. पण पन्नास वर्षे ज्यांना फक्त 'रोगाची वाट' म्हणून मोजले गेले, त्यांनी ती यंत्रे दवा म्हणून कशी पाहावीत?

करार झाला, पण कशावर?

१८९२ च्या जानेवारीत व्हेनिसला सातवी परिषद भरली आणि एक्केचाळीस वर्षांत जे जमले नव्हते ते जमले. सुएझ कालव्याबद्दलचा पहिला टिकाऊ करार झाला. महासत्तांची भांडणे संपली होती का? मुळीच नाही. फ्रान्स आणि रशिया त्याच सुमारास लष्करी दोस्तीकडे सरकत होते, ब्रिटन इजिप्त सोडायला तयार नव्हते. मग जमले कसे?

दोन कारणे होती. एक म्हणजे कोखचा जंतू आता नाकारता येईना. दुसरे अधिक महत्त्वाचे: ओझे कुणावर टाकायचे हे ठरले. कालव्यात येणाऱ्या जहाजांचे निरोगी, संशयित आणि बाधित असे वर्ग पाडले. मालाच्या जहाजांना सवलती मिळाल्या. इंग्लंडला निघालेले जहाज वाटेत किनाऱ्याशी संबंध न ठेवता कालव्यातून निघून जाऊ शकेल, अशी सोय झाली. ब्रिटनचा व्यापार मोकळा झाला. कडक नियम हाजी जहाजांसाठी राहिले. १८९३ च्या हजमध्ये पुन्हा तीस हजारांवर माणसे गेल्यावर, १८९४ च्या पॅरिस परिषदेत तर मुख्य विषयच मक्केची यात्रा हा होता: निघताना तपासणी, वाटेत कामरान, परतताना पुन्हा तपासणी.

या परिषदांत तुर्कस्तान होते, इराण होते. मुसलमान देश नव्हते असे नाही. पण ज्या हिंदी हाजीबद्दल नियम होत होते त्याची बाजू लंडन मांडत होते आणि जावाच्या हाजीची हॉलंड. तोटा कुणी सोसायचा यावर भांडणारे चौघे, पाचव्या गैरहजर माणसाकडे बोट दाखवून एक झाले.

नियम अगदीच वाया गेले असे मी म्हणणार नाही. जहाजांवर पाण्याची आणि जागेची मोजमापे ठरली, डॉक्टर नेमणे आले. त्यातून काही जीव नक्की वाचले. पण रोगाचे मूळ कुठे होते ते १८९२ च्याच उन्हाळ्यात दिसले. व्हेनिसच्या करारानंतर सात महिन्यांनी जर्मनीच्या हॅम्बुर्ग शहरात पटकी उसळली आणि सुमारे ८,६०० माणसे मेली. तिथे हाजी नव्हता. एल्ब नदीचे न गाळलेले पाणी नळाने घरोघर जात होते. शेजारच्या आल्टोना गावात पाणी वाळूतून गाळून दिले जाई, ते गाव जवळजवळ वाचले. आणि हॅम्बुर्गच्या व्यापारी कारभाऱ्यांनी बंदर बंद होऊ नये म्हणून साथीची बातमी सुरुवातीचे काही दिवस दाबून ठेवली होती. जे काम बंगालमध्ये आणि मक्केत करायला हवे होते, स्वच्छ पाणी आणि गटारे, त्यावर एकही परिषद पैसा काढायला तयार नव्हती. माणूस अडवणे स्वस्त पडते.

चार वर्षांनी हे सारे मुंबईवर आले. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. युरोपात घबराट पसरली, हिंदी माल रोखण्याच्या धमक्या आल्या. फेब्रुवारी १८९७ मध्ये सरकारने साथरोग कायदा केला आणि त्याच महिन्यात मुंबई-कराचीहून हजला जाणे बंद केले. धर्मात ढवळाढवळ न करण्याचे वचन व्यापारावर संकट येताच बाजूला पडले. तिकडे व्हेनिसला पुन्हा परिषद बसली होती. इकडे पुण्यात रँडच्या पथकांनी घरांत घुसून झडत्या घेतल्या आणि २२ जून १८९७ ला चापेकर बंधूंनी त्याला गोळी घातली. आपल्या इतिहासाच्या पुस्तकात रँड येतो, चापेकर येतात. व्हेनिस येत नाही. मुंबईचे बंदर उघडे ठेवायचे असेल तर आपण किती कठोर आहोत हे युरोपला दाखवणे सरकारला भाग होते, हा दुवा जोडला की पुण्याच्या झडत्याही वेगळ्या दिसतात. मुंबईचा हाजी अडला आणि पुण्याचा ब्राह्मण नागवला गेला, दोघांच्या मागे एकच टेबल होते. पुढच्याच वर्षी कराचीत काम करणाऱ्या पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने दाखवले की प्लेग उंदरावरच्या पिसवेतून येतो. आणि उंदीर हजला जात नाहीत, ते धान्याच्या पोत्यांबरोबर जातात.

देवीची गोष्ट

महासत्तांकडून याहून वेगळे काही होतच नाही, असे म्हणून मी लेख संपवला तर तेही खोटे ठरेल. कारण पुढच्या शतकात उलटे उदाहरण घडले.

१९५८ साली अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरात जागतिक आरोग्य सभा भरली होती. शीतयुद्ध ऐन भरात होते. सोव्हिएत संघ १९४९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेतून बाहेर पडला होता आणि नुकताच परतला होता. सोव्हिएत उप-आरोग्यमंत्री व्हिक्टर झ्दानोव्ह उठले आणि त्यांनी देवीचा रोग जगातून नाहीसा करण्याचा ठराव मांडला. आधार कुणाचा घेतला? अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांनी लशीचा शोध लावणाऱ्या जेन्नरला लिहिलेल्या पत्राचा. अमेरिकेच्या भूमीवर, अमेरिकेच्या पूर्वजाच्या साक्षीने रशियन माणूस जगाचे काम मागत होता.

त्या काळी अमेरिकेने हिवतापाच्या मोहिमेत नाव गुंतवले होते. सोव्हिएत संघाने देवीत गुंतवले. पुढे अमेरिकेलाही यात उतरावेसे वाटले. १९६६ मध्ये वाढीव मोहिमेचा खर्च सभेत अवघ्या दोन मतांच्या फरकाने मंजूर झाला. प्रमुख म्हणून अमेरिकेच्या डी. ए. हेंडरसन यांना नेमले. संघटनेच्या महासंचालकांना ही मोहीम फसणार याची खात्री होती आणि फसल्यावर खापर अमेरिकेच्या डोक्यावर फुटावे म्हणून आपल्याला आणले, असे हेंडरसन यांनीच पुढे सांगितले आहे! हेतू असे होते. पण काम झाले. सोव्हिएत संघाने वीस वर्षांत एक अब्जाहून अधिक लशी दिल्या. भारताला बाहेरून मिळालेल्या लशींत मोठा वाटा त्यांचाच. १९७१ च्या युद्धानंतर दिल्ली आणि वॉशिंग्टनचे संबंध नासलेले असताना बिहारच्या खेड्यांत अमेरिकन आणि सोव्हिएत डॉक्टर आपल्या आरोग्यसेवकांबरोबर दारोदार फिरत होते. देवीचा रोगी कळवणाऱ्याला बक्षीस, हे भिंतींवर रंगवलेले आपल्या आधीच्या पिढीला अजून आठवते. मे १९७५ मध्ये भारतातला शेवटचा रोगी सापडला. जगातला शेवटचा नैसर्गिक रोगी ऑक्टोबर १९७७ मध्ये सोमालियात, तोही सोमालिया आणि इथिओपियाचे युद्ध पेटलेले असताना. १९८० मध्ये देवी संपल्याची घोषणा झाली.

चित्र फार गोजिरे करू नये. याच सोव्हिएत संघाने याच काळात देवीच्या विषाणूचे शस्त्र बनवण्याचे गुप्त कामही चालवले होते, हे १९९० च्या दशकात बाहेर आले. वैर गेले नव्हते. फरक होता तो चढाओढीच्या विषयात. पटकीच्या वेळी महासत्ता 'तोटा कुणी सोसायचा' यावर भांडत होत्या. देवीच्या वेळी 'श्रेय कुणाला मिळायचे' यावर. श्रेयासाठी भांडणारे दोघे देऊ लागतात, तोट्यासाठी भांडणारे दोघे तिसऱ्याकडून घेऊ लागतात. आणखी एक फरक होता. १९५८ च्या सभेत स्वतंत्र भारत होता, इजिप्त होते, इंडोनेशिया होता. ज्यांच्या घरात रोग होता ते आता टेबलावर बसले होते.

आजचे टेबल

आता २०२० कडे पाहा. मार्चमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांनी जगभर युद्धविरामाचे आवाहन केले. त्याला पाठिंबा देणारा साधा ठराव सुरक्षा परिषदेत १ जुलैला मंजूर झाला. तीन महिने अमेरिका आणि चीन यांचा वाद कशावर? ठरावात जागतिक आरोग्य संघटनेचे नाव घ्यायचे की नाही यावर. ऑक्टोबरात भारत आणि दक्षिण आफ्रिकेने लशींवरचे पेटंट काही काळ बाजूला ठेवण्याची मागणी केली, ती श्रीमंत देशांनी दीड वर्षाहून अधिक रेंगाळत ठेवली आणि शेवटी बरीच छाटून मान्य केली. आणि दोष द्यायला एखादा गैरहजर माणूस लागतोच. आपल्या देशात तो तबलिगी जमातच्या रूपाने मिळाला. निजामुद्दीनच्या गर्दीत चूक झाली नाही असे नाही. पण एका गर्दीवरून साऱ्या समाजाला रोग ठरवले गेले, भाजीवाल्यांची नावे विचारली गेली. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द करताना त्यांना बळीचा बकरा केल्याचे स्पष्ट म्हटले. १८६६ चा हाजी ओळखीचा वाटतो तो इथे.

त्याच वर्षी हज झाला, सौदी अरेबियात राहणाऱ्या साधारण हजार माणसांचा. जगभरच्या मुसलमानांनी ते दुःखाने पण शांतपणे मानले. बंधन १८९७ पेक्षा कितीतरी मोठे होते, तरी यंत्रे कुणी मोडली नाहीत. कारण ते सगळ्यांना सारखे होते, कारण समजावून सांगितले होते, आणि ठरवणारे हजचे यजमान होते.

म्हणून मुलांच्या प्रश्नाला मी आता असे उत्तर देतो. मोठे देश भांडतात म्हणून काम अडते हे खरे, पण ते एक झाले म्हणजे काम झाले असेही नाही. १८९२ मध्ये ते एक झालेच होते. उद्या हवामानावर, पाण्यावर, नव्या साथीवर ते पुन्हा एक होतील, छायाचित्रे छापून येतील, हस्तांदोलने होतील. तेव्हा करारात बिल कुणाच्या नावावर फाडले आहे ते आधी वाचावे. बुडणाऱ्या बेटावरचा कोळी, दुष्काळातला शेतकरी, बोटीत बसलेला निर्वासित, यांच्यापैकी कुणाला पुन्हा कामरानवर उतरवून भाडेही त्याच्याकडूनच घ्यायचे ठरले असेल, तर त्या एकीचा आनंद मानण्याची घाई करू नये.